मामाजी पाहून रायले

ती खुर्ची मी मोजून करून घेतली होती. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी बजावलं होतं की आता जमिनीवर बसणं कायमचं बंद. मांडी नाही, उकिडवं नाही, आणि घरातही मऊ तळव्याची चप्पल घालूनच फिरायचं. बाजारातल्या खुर्च्या बसक्या असतात. त्यातून उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो. म्हणून मी टेप घेऊन आईच्या टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंतचं अंतर मोजलं, त्यात चपलेची जाडी धरली आणि सुताराला कागदावर आकडे लिहून दिले. बैठक साडेअठरा इंच, हात सव्वीस इंचांवर, पाठ किंचित मागे. सुताराने कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "साहब, कुर्सी बनाना है के डॅम का गेट?" मी पाटबंधारे खात्यात कालव्याच्या पाण्याच्या नोंदी पाहतो हे त्याला माहीत होतं.

खुर्ची उत्तम झाली. गोंदियाजवळ फुलचूरच्या आमच्या घरात समोरच्या खोलीत खिडकीशी ती ठेवली. तिथून रस्ता दिसतो, भाजीची गाडी दिसते, शाळेचे ऑटो दिसतात, आणि मान थोडी वळवली की टीव्ही. आई सकाळचं जेवण झालं की तिथे बसायची. मेथी निवडायची, शेंगा सोलायची, सिरियलमधल्या सुनांना शिव्या द्यायची. ऑपरेशननंतरचं तिचं सगळं जग त्या खुर्चीत मावलं होतं आणि ती खूश होती. उन्हाळा आणि पावसाळा असा गेला.

खुर्चीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर आज्याचा फोटो होता. आजा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील, आईचे सासरे. आई त्यांना मामाजी म्हणते. कामठ्याला आमची शेती होती, तिथेच ते जन्मले आणि तिथेच गेले. त्यांचा हा एकच फोटो. कधीतरी बैल विकायला गोंदियाच्या बाजारात आले होते, तेव्हा कोणाच्या तरी आग्रहाने स्टुडिओत शिरले असावेत. पांढरी टोपी, बंडी, भरघोस मिशा, आणि समोर रोखलेले, थोडे भेदरलेले डोळे. हा फोटो समोर असताना आई मजेत खुर्चीवर बसत होती, हे लक्षात ठेवावं. पुढे सगळा घोळ तिथेच झाला.

दिवाळीत धाकटा भाऊ त्याच्या मुलीला घेऊन नागपूरहून आला. ही पुतणी तिकडे चित्रकलेच्या कॉलेजात शिकते. मला 'मोठे बाबा' म्हणते आणि माझ्यासमोर घाबरत नाही, जे मला आवडतं आणि त्रासही देतं. तिने लॅपटॉप उघडून तिचं काम दाखवायला सुरुवात केली. फोटो होते, पण हलणारे. व्हिडिओ नव्हे. व्हिडिओत सगळंच हलतं. यात सगळं थांबलेलं असतं आणि एकच गोष्ट हलते, तीही इतकी कमी की आपल्याला भास झाला असं वाटावं. शेवट पुन्हा सुरुवातीला जोडलेला, त्यामुळे ते कधी संपत नाही.

एक फोटो इटियाडोह धरणाचा होता. भिंतीवर एक बाई पाठमोरी बसलेली. तिच्या पदराचं टोक तेवढं हलत होतं. पाणी मात्र काचेसारखं.

"हे चूक आहे," मी म्हणालो. "पदर हलण्याइतका वारा असला तर पाण्यावर लहर येणारच. मी रोज पाणी पाहतो."

"म्हणूनच तर, मोठे बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला बरोबर तिथेच खुपलं."

मग म्हशीचा फोटो. अख्खी म्हैस दगडाची, फक्त एक कान मधूनच फडकायचा. मी त्या कानाकडे बराच वेळ पाहत बसलो. आता शेपूट हलेल, निदान डोळा मिटेल, असं वाटत राहिलं. काही नाही. पुन्हा कान. शेवटी मला चीड आली.

"चीड आली ना?" ती हसून म्हणाली. "झालं माझं काम."

एखाद्या कलेचं काम चीड आणणं हे असतं, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. तरी मी मान्य करतो की त्या फोटोंत काहीतरी होतं. डोळा पटकन हटत नव्हता.

तिने आज्याच्या फोटोचा फोटो काढून नेला. महिनाभरात भाऊ पुन्हा आला तो एक फोटोफ्रेम घेऊन. फ्रेम म्हणजे टीव्हीचंच धाकटं भावंड, मागे वायर. जुना फोटो उतरवून त्याच खिळ्यावर ती टांगली, खालच्या बोर्डात पिन लावली आणि आजा उजळला. तीच टोपी, तीच बंडी. आम्ही सगळे ओळीने उभे. काही झालं नाही. मग आज्याने पापण्या लववल्या. छाती किंचित वर आली, श्वास सोडल्यासारखी खाली गेली. मग डोळे सावकाश डावीकडून उजवीकडे फिरले, खोलीत कोण कोण आहे ते पाहिल्यासारखे, आणि मधोमध येऊन थांबले.

बायको "अगं बाई" म्हणून मागे सरकली. शेजारचे काका दारातून डोकावले आणि ओरडले, "अरे बाप रे, दादाजी तो आँख झपका रहे हैं!" गल्ली गोळा झाली. भावाच्या डोळ्यांत पाणी आलं. आजा गेला तेव्हा तो पाळण्यात होता. "भाऊ," तो मला म्हणाला, "मी आज पहिल्यांदा आज्याले पाहून रायलो."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने एकदा पाहिलं, "बरं हाय" म्हणाली, डोक्यावर पदर घेतला आणि आत गेली. चहा ठेवायला गेली असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून खुर्ची रिकामी.

मी आधी लक्ष दिलं नाही. मग एकदा कचेरीतून लवकर आलो तर आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती. मी ओरडलो. तिने आधार मागितला, मी उठवलं, गुडघा ताठ झाला होता.

"खुर्चीवर काऊन नाही बसत?"

"टोचते," ती म्हणाली.

खुर्ची टोचते म्हटल्यावर मी टेप काढला. बैठक सगळीकडून सारखी होती. तरी कापसाची गादी शिवून आणली. गादीमुळे उंची वाढली म्हणून सुताराला बोलावून पाय कापून घेतले. सुतार म्हणाला, "साहब, ये तो सुधरी हुई चीज को सुधार रहे हो." आई बसली नाही. विचारलं तर म्हणाली, पंख्याचं वारं लागते. मी पंख्याचा हूक दीड फूट सरकवून घेतला, छताला भोक पडलं, त्याचा सिमेंटचा डाग अजून दिसतो. आई बसली नाही. म्हणाली, खिडकीतून ऊन येते. मी पडदा लावला. मग म्हणाली, पडद्यानं अंधार होते.

माझ्या कामात एखादा आकडा जुळला नाही तर कारण सापडतंच. पाणी मोजायची पट्टी वाकलेली असते, नाहीतर वाचणाऱ्याने घाईने वाचलेलं असतं. इथे मी प्रत्येक कारण दूर करत होतो आणि आकडा जुळत नव्हता. आईचा गुडघा मात्र सुजत चालला होता. तपासायला नेलं तर डॉक्टर माझ्याकडे पाहून म्हणाले, "घरात लक्ष द्यायला कोणी आहे की नाही?" मी काय खुर्चीची मापं सांगू?

"तुम्ही खुर्ची मोजली, पंखा मोजला," बायको म्हणाली. "आता बसा ऊन मोजत. मायले नीट एकदा विचारा ना."

"विचारतोच आहे ना!"

"तुम्ही विचारत नाही. तुम्ही चौकशी करता."

कळलं ते एका सुट्टीच्या दिवशी. मी समोरच्या खोलीत, दाराच्या मागच्या बाजूला, कपाटाच्या खालच्या खणात विजेची बिलं शोधत बसलो होतो. आईला मी दिसत नव्हतो. ती स्वयंपाकघरातून आली. तिला अंगणात जायचं होतं आणि त्याला वाट समोरच्या खोलीतूनच आहे. कपाळाच्या खालपर्यंत पदर ओढलेला. डॉक्टरांनी दिलेल्या मऊ चपला हातात. आणि थंड फरशीवर अनवाणी, फ्रेमच्या भिंतीला अगदी चिकटून, खांद्याने भिंत घासत, लंगडत ती दाराकडे चालली होती. अशी चाल मी पूर्वी पाहिली होती. कामठ्याच्या घरात ओसरीवर आजा बसलेला असला की सगळ्या सुना अशाच जायच्या.

"माय, चपला हातात काऊन?"

ती दचकली. "हळू बोल."

"कोण झोपलं आहे?"

ती अंगणात गेली, चपला पायात घातल्या, पायरीचा कठडा धरला आणि मग बोलली. "मामाजी पाहून रायले ना."

"माय, तो फोटो होय."

"फोटो त आधीबी होता. आधी पाहत होता काय?"

"आताही पाहत नाही. मशीन आहे ते."

"मशीन असन. डोरे त मामाजीचेच होत." आमच्याकडे जुनी माणसं डोळ्यांना डोरे म्हणतात. "मामाजीनं उभ्या जन्मात माह्याकडं डोरे उचलून पाहिलं नाई. फाटकात आले का खाकरत. मी पाण्याचा गडवा ठेवला का गोठ्याकडं तोंड करत. मी आत गेली का मंग गडवा उचलत. असा माणूस होता तो. अन् तुमी त्याले भिंतीवर बसवून सुनेकडं पाहाले लावलं!"

"फोटोत तर तो आधीपासून समोरच पाहतो आहे."

"फोटोवाल्यानं म्हटलं असन इधर देखो, म्हणून पाहिलं. तेवढ्यापुरतं. त्याले काय माहीत, आता रोज पाहा लागन म्हणून."

मग गादी, पंखा, पडदा सगळं डोक्यात येऊन राग आला. "हे आधी सांगायचं होतं ना! मी छताला भोक पाडलं. खुर्ची टोचते काऊन म्हणाली?"

"तू खुर्चीचं पुसलं," आई म्हणाली. "मी खुर्चीचं सांगतलं."

उपाय सोपा होता. मी आत जाऊन बोर्डातली पिन काढली. आजा विझला. आई दारातून पाहत होती.

"हे काय केलं? घरच्या मोठ्या माणसाचं तोंड काळं केलं!"

खरंच तो काळा चौकोन वाईट दिसत होता. मग मी फ्रेम उतरवली, पलंगाखालून जुना फोटो काढला, पुसला आणि जुन्या जागी टांगला. झालं पूर्वीसारखं. मी आईला म्हणालो, आता बस. ती खुर्चीपर्यंत आली. फोटोकडे तिरकं पाहिलं. खुर्चीच्या हातावर हात ठेवून उभी राहिली आणि मग परत फिरली.

"आता काय?"

"थांबून रायले," ती म्हणाली. "पण पाहूनच रायले."

मी फोटोकडे पाहिलं. आणि सांगायला लाज वाटते, पण तिचं बरोबर होतं. इतकी वर्षं तो कागद होता. आता तो डोळे रोखून, पापणी न लववता बसलेला माणूस वाटत होता. कोणत्याही क्षणी लववेल असा. पुतणीच्या म्हशीसमोर मी असाच बसलो होतो. हलता फोटो बंद करता येतो, पण एकदा हललेला फोटो पुन्हा निर्जीव करता येत नाही, हे त्या पोरीने मला सांगितलं नव्हतं.

मी भावाला फोन लावला. सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग चिडला.

"उतरवला? भाऊ, तुले आजा आठवते. मले काय आठवते? माह्याजवळ तेवढंच आहे."

"मग तुझ्या घरी लाव."

"तो वडिलोपार्जित घरात शोभते."

"हे वडिलोपार्जित नाही. फुलचूरचा प्लॉट मी घेतला आहे. इथं माय जमिनीवर बसून पाय मोडून घेऊन राहिली आणि तुले शोभा सुचते?"

फोन त्याने मुलीकडे दिला. तिने सगळं ऐकून घेतलं. पुढच्या शनिवारी ती एकटीच आली. दारातच म्हणाली, "मोठे बाबा, मी त्यांना चुकीचं केलं."

"चूक-बरोबरचा प्रश्न नाही. आजीचा गुडघा सुजला आहे."

"तेच म्हणते. चुकीचं केलं म्हणून सुजला."

यावर मी डोक्याला हात लावला. हिच्या लेखी गुडघाही चित्राचा भाग होता. मला फ्रेम कालव्यात फेकायची होती आणि हिला ती सुधारायची होती. पण ती सरळ आत गेली, आजीला पलंगाच्या काठावर बसवलं, स्वतः खाली बसली आणि विचारू लागली. मामाजी कसे बसायचे? मान कोणत्या बाजूला वळायची? आधी डोळे खाली की आधी मान? आई सुरुवातीला "काय पुसते बाई" म्हणत होती. मग रंगात आली. मामाजी डाव्या कानाने कमी ऐकायचे म्हणून उजवीकडेच वळायचे. वळले की लगेच परत वळायचे नाहीत. पोरगी आत पोचली अशी खात्री झाल्यावरच. आईला ते 'पोरगी' म्हणायचे, पण तिच्याशी नाही, दुसऱ्यांशी बोलताना. आई हसत होती. मी दारात उभा होतो. यातलं एक अक्षरही तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं असं बायको नंतर म्हणाली.

रविवारी दुपारी पुतणीने नवीन फोटो फ्रेममध्ये टाकला. मी जुना उतरवला, फ्रेम टांगली, पिन लावली. आजा उजळला. समोर पाहत होता. मग पापण्या खाली गेल्या. वर आल्याच नाहीत. मान अगदी सावकाश उजवीकडे, खिडकीकडे वळली. फार नाही, कान दिसेल एवढीच. आणि तशीच थांबली. बराच वेळ. मग परत आली, पण डोळे खालीच.

खरं सांगतो, हे वळणं मी पाहिलं होतं. ओसरीवर आज्याच्या शेजारी पाटी घेऊन बसलेला असताना, हाताच्या अंतरावरून. ते माझ्या डोक्यात कुठे होतं मला माहीत नव्हतं, आणि या पोरीने ते दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलं होतं.

आई स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. "हो," ती म्हणाली. "हेच होत मामाजी. अगदी हेच." तिने पदर पुढे ओढला, पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि आत वळली.

"आता काय झालं?" मी जवळजवळ ओरडलोच.

"आता त खरेच आले ना. आधीचा त कोणी परका वाटत होता. खऱ्या मामाजीसमोर खुर्ची घेऊन बसू काय?"

मी पुतणीकडे वळलो. "घे. झाली तुझी कला. आता आणखी बरोबर कर, म्हणजे माय घर सोडून जाईल."

पुतणीचा चेहरा पडला. बायको पदराआड हसत होती. खिळाच उपटून टाकावा असं माझ्या मनात आलं आणि मी पक्कड शोधायला लागलो. खणात पक्कड सापडेना. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला.

"तू सांग ना त्याइले."

"कोणाले?"

"मामाजीले. मी कशी बोलू?"

याचा अर्थ बाकी कोणाला कळला नाही, मला कळला. आई आज्याशी कधी थेट बोलली नाही. सून सासऱ्याशी बोलत नसे. आजा ओसरीवर आणि आई दाराआड, मध्ये एक भिंत, आणि निरोप्या मी. "मामाजीले सांग, जेवण झालं." मी म्हणायचो, "आजा, जेवण झालं." आज्याने पहिलं वाक्य ऐकलेलंच असायचं, तरी तो मी म्हणेपर्यंत थांबायचा. मग मला म्हणायचा, "मायले सांग, येतो." आणि आईनेही ऐकलेलं असायचं. भाजीत मीठ कमी असल्यापासून वडिलांच्या तब्येतीपर्यंत त्या घरातली सगळी बोलणी माझ्या तोंडून झाली आहेत.

"माय, मी नोकरदार माणूस आहे. भिंतीवरच्या मशीनशी बोलू काय?"

"लायना होता तवा बोलत होता. तवा लाज नव्हती वाटत?"

"तेव्हा तो माणूस होता!"

"सांगतं, का मी जमिनीवर बसू?"

मी फ्रेमसमोर जाऊन उभा राहिलो. बायकोचं हसणं थांबलं होतं. मला कसं उभं राहावं हेच समजेना. हात पाठीमागे बांधले तर कचेरीतला साहेब समोर आहे असं वाटत होतं. मी ते सोडले.

"आजा," मी म्हणालो. "माय म्हणते, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. खाली बसता येत नाही. खुर्चीवर बसते म्हणते."

"चपलेचं," आतून आवाज आला.

"आणि चप्पल घालते म्हणते. घरात. डॉक्टरनं सांगितलं आहे."

आज्याची मान खिडकीकडे वळू लागली. मला स्पष्ट माहीत आहे की ती तशीही वळलीच असती. ती वळतेच. मी बोललो नसतो तरी, खोलीत कोणी नसतं तरी. मी बोलायला जेवढा वेळ घेतला तेवढ्यात तिची पाळी आली, एवढंच ते. मी हे आईला समजावूनही सांगणार होतो. पण ती चपला घालून आली होती. खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार देऊन, डॉक्टरांनी शिकवलं होतं तशी, ती हळूच बसली आणि तिने पदर नीट केला.

"हो म्हटलं त्याइनं," ती म्हणाली. "टीव्ही लाव."

गुडघ्याची सूज उतरली आहे. डॉक्टर आता माझ्याशी नीट बोलतात. पुतणीने त्या फोटोची एक प्रत कॉलेजच्या प्रदर्शनात ठेवली. लोक म्हणे त्याच्यासमोर खूप वेळ उभे राहतात आणि विचारतात, हा म्हातारा आपल्याकडे पाहत का नाही? भाऊ महिन्यातून एकदा येऊन फ्रेमसमोर खुर्ची ओढून बसतो. सगळे समाधानी आहेत. माझं गाऱ्हाणं कोणी ऐकत नाही, ते असं की परवानगी एकदा मागून पुरत नाही.

"रोज?" मी दुसऱ्या दिवशी विचारलं होतं.

"मंग काय, एकदा पुसलं का जन्माचं झालं? मोठ्या माणसाले असं करतेत?"

बायकोने सांगितलेलं चालत नाही, तीही सूनच. म्हणून कचेरीला निघण्याआधी मला फ्रेमसमोर उभं राहून गुडघा, खुर्ची आणि चप्पल या क्रमाने सांगावं लागतं. वीज गेली की फ्रेम काळी पडते आणि आई उठून उभी राहते. मग ती फ्रेम मी इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतली. त्या लाइनवर आता आजा आहे, आणि माझ्या खोलीतला पंखा नाही.

परवा कालव्यावर तपासणी होती. घाईत मी बूट चढवले, डबा घेतला, गाडी फाटकाबाहेर काढली. मागून आवाज आला, "सांगतलं नाई ना तू."

मी उंबऱ्यातूनच आत डोकावलो. "आजा, माय म्हणते—"

"बुटानं?" आई म्हणाली. ती खुर्चीशी उभी होती, एक हात खुर्चीच्या हातावर.

मी डबा खाली ठेवला आणि पायरीवर बसून नाड्या सोडू लागलो.